जमिनीखालच्या कार्बन डायऑक्साइडवर पहारा : तुमचे अनुभव सांगा

कार्बन डायऑक्साइड खोल खडकात साठवायचा आणि तो तिथेच आहे ना, हे वर्षानुवर्षं बघत राहायचं. या कामात असलेल्यांनी किंवा त्याच्या शेजारी राहणाऱ्यांनी इथे लिहावं. धास्ती कधी वाटली आणि ती कशाने गेली, हे मला ऐकायचंय. सुरुवात मीच करते.

मी मातीतला वायू मोजते. एकदा पावसानंतर एका नळीत कार्बन डायऑक्साइड एकदम चढला. पोटात गोळाच आला. मग ऑक्सिजनचे आकडे शेजारी मांडले. कार्बन डायऑक्साइड जेवढा वाढला होता, तेवढाच ऑक्सिजन घटला होता. म्हणजे मुळांचा आणि जिवाणूंचा श्वास! वायू खालून आला असता तर नायट्रोजनचं प्रमाणही घटलं असतं. कॅनडातल्या वेबर्नच्या अशाच साठ्याजवळ २०११ मध्ये गळतीची तक्रार झाली होती. तिथेही अशाच तपासणीतून वायू मातीतलाच निघाला.

*

माझं काम भूकंपलहरींचं. त्या लहरींवरून जमिनीखालचं चित्र काढतात. शिकताना नॉर्वेच्या स्लाइप्नर या समुद्रातल्या वायूक्षेत्राची अशी चित्रं पाहिली. तिथे १९९६ पासून समुद्रतळाखालच्या वालुकाश्मात वायू सोडतात. १९९४ च्या चित्रात जिथे काहीच नाही, तिथे नंतरच्या चित्रांत एकावर एक चकचकीत थर दिसतात. १९९४ चं ते चित्र नसतं तर तुलना कशाशी केली असती?

*

मला काळजी असते ती वायू खाली सोडायच्या विहिरींची. साठ्यावरचा अभेद्य खडक लाखो वर्षं टिकलाय, भोकं आपण पाडलीत. आमच्याकडे केसिंग (विहिरीचा बाहेरचा पाइप) आणि ट्युबिंग (वायू नेणारा आतला पाइप) यांच्या मधल्या जागेतला दाब रोज थोडा थोडा चढत होता. वरिष्ठ म्हणाले, उन्हामुळे असेल. पण उन्हामुळे असता तर रात्री काटा खाली यायला हवा होता. तो आला नाही. मी रात्री दोनला जाऊन स्वतः पाहिला, वहीत लिहिला आणि सकाळी ती वही त्यांच्यासमोर ठेवली. तिसऱ्या दिवशी वायू सोडणं थांबवलं. ती मधली जागा खालून बंद करणाऱ्या पॅकरचं सील गेलं होतं. बाहेर काही गेलं नाही, पण ते तीन दिवस मला अजून सलतात. पहिल्याच दिवशी थांबायला हवं होतं.

*

मी तंत्रज्ञ नाही. अशी जागा आमच्या घराजवळ होणार आहे. कॅमेरूनच्या न्योस सरोवरातून १९८६ मध्ये हा वायू उसळून सुमारे १७०० माणसं गेली, हे वाचल्यापासून झोप उडाली आहे. माहिती विचारली तर हातात रंगीत पत्रक दिलं. आम्हाला आकडे हवेत.

*

ताई, न्योसमध्ये तळाच्या पाण्यात विरघळलेला वायू एकदम सुटला होता. किलोमीटरभर खोल खडकात तो तसा बसलेला नसतो. तरी तुमचा प्रश्न रास्तच आहे, कारण हा वायू हवेपेक्षा जड असतो आणि खोलगट जागी साचतो. एक करा. काम सुरू व्हायच्या आधी तुमच्या विहिरीच्या पाण्याचा सामू (pH), क्षारता आणि विद्युतवाहकता वर्षभर, प्रत्येक ऋतूत तपासून घ्या. अहवालाची एक प्रत मात्र तुमच्या घरी ठेवा.