मदत हवी आहे: वेस्टर्न ब्लॉटमध्ये ॲप्रोटिनिनचा बँड येतच नाही

पेशीवाली
गाईच्या ॲप्रोटिनिनचं (प्रोटिएज, म्हणजे प्रथिनं तोडणारी एन्झाइमं, रोखणारं छोटं प्रथिन) जनुक एचईके या मानवी पेशींत घातलंय आणि ते वेस्टर्न ब्लॉटने (गेलवर प्रथिनं आकारानुसार वेगळी करून मेम्ब्रेनवर उतरवायची आणि अँटिबॉडीने शोधायची) बघतेय. सशात बनवलेली पॉलिक्लोनल अँटिबॉडी वापरतेय. ब्लॉट कोरा. १:१०००, १:५००, रात्रभर कोल्ड रूममध्ये, सगळं करून झालं. ट्युब्युलिन (पेशींत कायम असणारं प्रथिन) मात्र झकास येतं, म्हणजे ट्रान्सफर ठीक आहे. अँटिबॉडीच बाद निघाली का? नवीन मागवायची तर महिना जातो आणि गाइडना सोमवारी ब्लॉट दाखवायचाय. प्लीज लवकर सांगा.

सदाशिवपेठी
गेल किती टक्क्यांचा? मेम्ब्रेन कुठला? डाय (गेलमध्ये सर्वांत पुढे पळणारा रंग) कुठपर्यंत चालवता? यातलं काहीच लिहिलेलं नाही.

पेशीवाली
नेहमीचंच हो. १२ टक्के ट्रिस-ग्लायसिन, ०.४५ मायक्रॉनचा पीव्हीडीएफ, डाय बाहेर पडेपर्यंत.

सदाशिवपेठी
मग तुमचं प्रथिन डायबरोबर टाकीत गेलं. ॲप्रोटिनिन ५८ अमिनो आम्लांचं, साडेसहा किलोडाल्टन. ट्युब्युलिन ५० च्या आसपास. ते दिसलं म्हणून हे मेम्ब्रेनवर आलंय असं होत नाही. छोट्या प्रथिनांसाठीचा १६ टक्के ट्रायसिन गेल ओता, डाय गेलमध्ये असतानाच थांबवा, मेम्ब्रेन ०.२ चा घ्या.

रंकाळा_बायोकेम
ट्रायसिनच्या भानगडीत कशाला पडताय? रात्रभर ३० व्होल्टवर ट्रान्सफर लावा. मी कायम तेच करतो, लायसोझाइमसुद्धा छान येतं.

सदाशिवपेठी
लायसोझाइम १४ किलोडाल्टनचं आहे, साहेब. हे त्याच्या निम्मंसुद्धा नाही. रात्रभर लावलं तर मेम्ब्रेनच्या आरपार जाईल.

रंकाळा_बायोकेम
मागे दुसरा मेम्ब्रेन लावा की. आरपार गेलं तर तिथे सापडेल. करून न बघता नाही म्हणू नका.

संगणकी_रेणू
ॲप्रोटिनिन म्हणजेच आमचं बीपीटीआय, नाव दिसलं आणि राहवलं नाही. प्रथिनाचं पहिलं मॉलिक्युलर डायनॅमिक्स सिम्युलेशन (अणूंच्या हालचालींचं संगणकावरचं गणित) १९७७ साली याच रेणूवर झालं. मॅकॅमन, गेलिन आणि कारप्लस, दहा पिकोसेकंदांहूनही कमी वेळाचं! रचनेच्या फाइल्स हव्या असतील तर सांगा.

भूलतज्ज्ञ_६०
बायपासमध्ये रक्तस्राव कमी व्हावा म्हणून हेच द्यायचे, ट्रॅसिलॉल नावाने. कॅनडातल्या बार्ट चाचणीत मृत्यू जास्त दिसले आणि २००७ मध्ये बायरने विक्री थांबवली. पुढे युरोपात मर्यादित वापरासाठी पुन्हा मोकळीक मिळाली. तुम्ही औषधावर काम करताय का?

पेशीवाली
नाही हो, औषध नाही. ब्लॉटबद्दल सांगा ना कुणीतरी.

अनुजा_प्रोटिऑमिक्स
नमुना डीटीटी (डायसल्फाइड बंध तोडणारं रसायन) घालून उकळता का? या प्रथिनात तीन डायसल्फाइड बंध आहेत आणि अँटिबॉडी मूळ घडीवर बनवलेली असेल तर बंध तुटल्यावर ती ओळखेलच असं नाही. एक लेन डीटीटीशिवाय चालवा. शिवाय याचा पीआय (ज्या पीएचला प्रथिनावरचा निव्वळ विद्युतभार शून्य होतो तो) साडेदहाच्या आसपास, म्हणजे एरवी ते धनभारित. ट्रान्सफरमध्ये मिथेनॉलने एसडीएस (प्रथिनांना ऋणभार देणारं डिटर्जंट) निघून गेलं तर ते उलट्या दिशेला पळतं, म्हणून गेलच्या दोन्ही बाजूंना मेम्ब्रेन ठेवा. आणि कंट्रोल काय घेतलाय?

पेशीवाली
डीटीटी घालून ९५ अंशांवर पाच मिनिटं. कंट्रोल म्हणजे रिकामा व्हेक्टर (जनुक नसलेला वाहक डीएनए) घातलेल्या पेशी. लायसिस बफर नेहमीचा, प्रोटिएज इनहिबिटर कॉकटेलसकट.

अनुजा_प्रोटिऑमिक्स
कॉकटेलची यादी आधी वाचा. पुष्कळ कॉकटेलमध्ये ॲप्रोटिनिनच असतं, तेही गाईचं! उद्या ब्लॉट जमला तर दोन्ही लेन सारख्याच उजळतील आणि तुमच्या पेशींनी काय बनवलं ते कळणारच नाही. एईबीएसएफ किंवा पीएमएसएफ हे दुसरे इनहिबिटर वापरून नवं लायसेट (फोडलेल्या पेशींचा अर्क) करा.

रंकाळा_बायोकेम
हे मात्र माझ्या ध्यानात नव्हतं आलं.

सदाशिवपेठी
अँटिबॉडी बाद आहे का, याचं उत्तर आजच मिळेल. शुद्ध ॲप्रोटिनिनचे थेंब नायट्रोसेल्युलोजवर ठेवा, १०० नॅनोग्रॅमपासून खाली. एक ओळ तशीच, एक डीटीटीत उकळून. शेजारी कंट्रोल म्हणून बीएसए (गाईचं अल्ब्युमिन). मगच नव्या अँटिबॉडीचे पैसे घाला.

पेशीवाली
कॉकटेलमध्ये ॲप्रोटिनिन आहे, डब्यावर लिहिलंय. शुद्धही फ्रीजरमध्ये आहे, थेंब आत्ताच लावते. ट्रायसिन शेजारच्या लॅबकडे मागितलंय. १६ टक्क्यांच्या गेलमध्ये बिस (बिसॲक्रिलामाइड, गेलची जाळी जोडणारं) किती घालायचं?