मटण, मशरूम आणि घरचा स्टॉक: तीन वेळा केलं, तिन्ही वेळा पाणचट

सायंकाळ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. तीन रविवार एकाच पदार्थाच्या मागे लागले आहे आणि तिन्ही वेळा तो फसलाय. मटण, मशरूम आणि घरी काढलेला हाडांचा स्टॉक, बस एवढंच. मसाल्यांची गर्दी नकोय. मांसाची आणि मशरूमची चव पुढे यावी, एवढीच इच्छा आहे.

मी काय केलं ते सविस्तर लिहिते, म्हणजे चूक सापडेल. एक किलो खांद्याचं मटण आणलं, हाडं वेगळी काढली. हाडांवर चार लिटर पाणी ओतून मोठ्या आचेवर दीड तास खळखळ उकळलं. कांदा, गाजर, तमालपत्र, दहा-बारा मिरे आणि मोजून मीठ, सगळं सुरुवातीलाच घातलं. मग कढईत तेल तापवून सगळं मटण एकदम टाकलं. पाचेक मिनिटांनी त्यावरच ४०० ग्रॅम मशरूम चिरून घातले, वरून स्टॉक ओतला आणि झाकण ठेवून सव्वा तास शिजवलं.

रस्सा राखाडी आणि गढूळ झाला. चमच्यातून पाण्यासारखा ओघळत होता. चव पातळ, पण मीठ मात्र पुढे आलेलं. मशरूम वातड, दाताखाली कुचकुच वाजत होते. मटणाचे काही तुकडे मऊ, तर काही अगदी सुतळीसारखे.

घरी सल्ला मिळाला की बाजारातला तयार, खारट स्टॉक क्यूब टाक, चव येईल. पण बाबांचं मीठ डॉक्टरांनी कमी केलंय, आणि हे सगळं मी त्यांच्यासाठीच करतेय. त्यांना हल्ली जेवण बेचव लागतं, दोन घास खाऊन ते ताट सरकवतात. म्हणून चव स्टॉकमधूनच यायला हवी. कुठे चुकतंय? आणि मशरूम धुवायचे की नुसते पुसायचे, हेही कुणीतरी एकदाचं सांगा.

मंदआच

ताई, तुम्ही इतकं नीट लिहिलंय की वाचतानाच चुका दिसत गेल्या. सगळ्यांचं मूळ एकच आहे, पाण्याचा हिशोब. मशरूममधलं पाणी बाहेर काढायचं असतं, मटणातलं आत राखायचं असतं आणि स्टॉकमधलं आटवायचं असतं. तुम्ही तिघांना एकाच वेळी एकाच कढईत घातलंत, त्यामुळे तिघांचंही बिनसलं.

आधी स्टॉक. माझ्या आईचे दात काढले तेव्हा दोन महिने तिला काही चावता येत नव्हतं. आठवड्यातून दोनदा मी तिच्यासाठी स्टॉक काढायचो. पहिली चार-पाच पातेली तुमच्यासारखीच गढूळ झाली. मग एक दिवस दुसऱ्या कामात अडकलो आणि पातेलं सगळ्यात लहान आचेवर विसरून गेलो. चार तासांनी पाहिलं तर तळ दिसेल इतका नितळ स्टॉक! त्या दिवसापासून मी स्टॉक कधी उकळला नाही.

हाडं गार पाण्यात घालायची आणि पाणी हळूहळू तापवायचं. हाडा-मांसातली पाण्यात विरघळणारी प्रथिनं त्यामुळे सावकाश गोठतात आणि फेस होऊन वर येतात. पहिला अर्धा तास पातेल्यापाशी उभं राहून तो फेस झाऱ्याने काढत राहायचा. नंतर आच इतकी कमी करायची की पृष्ठभागावर इकडे एक, तिकडे एक असा बुडबुडा यावा. खळखळ उकळलं की चरबीचे बारीक थेंब होऊन ते पाण्यात मिसळतात, फेसही परत आत ढवळला जातो, आणि तो पुन्हा वेगळा होत नाही. तुमच्या राखाडी रंगाचं कारण हेच.

पाणीही फार झालं. एक किलो हाडांना दोन लिटर पुरे, हाडं बुडून वर दोन बोटं राहील इतकं. नुसत्या एक किलो मटणातून निघालेली हाडं म्हणजे अडीचशे-साडेतीनशे ग्रॅम, त्यांना चार लिटर पाणी! खाटकाकडून वेगळी हाडं मागून घ्या, आणि ती सांध्यांची, खुरांची, मानेची. स्टॉकला अंग येतं ते कोलॅजन या चिवट प्रथिनामुळे. सांधे, कातडी आणि स्नायुबंध यांत ते भरपूर असतं, आणि मंद आचेवर बराच वेळ राहिलं की त्याचं जिलेटिन होतं, म्हणजे गार झाल्यावर जेलीसारखं बसणारं रूप. मटणाच्या हाडांना मी चार ते पाच तास देतो, कोंबडीच्या हाडांना तीन. कांदा, गाजर, तमालपत्र शेवटच्या तासात घालायचं, नाहीतर भाज्या गळून जातात आणि स्टॉकची चव थकल्यासारखी लागते.

मीठ अजिबात घालायचं नाही. पाणी उडून जातं, मीठ तिथेच राहतं. तुम्ही मोजून घातलंत, पण रस्सा आटला तसं ते जास्त वाटायला लागलं. बाबांसाठी तर हे फारच महत्त्वाचं आहे. स्टॉक पूर्ण अळणी ठेवा आणि मीठ अगदी शेवटी, ताटात वाढायच्या आधी घाला. तेवढंच मीठ जिभेला जास्त जाणवतं.

गाळताना हाडं-भाज्या दाबायच्या नाहीत, आपसूक निथळू द्यायच्या. मग पातेलं थंड पाण्याच्या परातीत ठेवायचं, परातीत बर्फ टाकायचा आणि स्टॉक ढवळत राहायचं. कोमट स्टॉक रात्रभर ओट्यावर ठेवणं धोक्याचं, कारण जंतूंना ५ ते ६० अंशांमधलं तापमान फार मानवतं. दोन तासांत तो २१ अंशांच्या खाली आला पाहिजे आणि पुढच्या चार तासांत फ्रिजच्या गारव्याला. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकतो, त्याहून जास्त ठेवायचा तर फ्रीझरमध्ये.

दुसऱ्या दिवशी भांडं बाहेर काढा. वर चरबीचा पांढरा थर घट्ट बसलेला असेल. त्याच्या कडेला सुरीचं टोक घातलं की तो पापडासारखा निघतो. खाली मधाच्या रंगाची थरथरणारी जेली दिसली पाहिजे. भांडं तिरकं केलं की ती एका बाजूला झुकते, पण ओघळत नाही, आणि बोटाने दाबली की परत वर येते. ती दिसली की निम्मा पदार्थ जमला असं समजा. पाणीच राहिलं असेल तर हाडं कमी पडली, किंवा सांध्यांची नव्हती, किंवा वेळ कमी दिला.

आता मशरूम. धुवा, बिनधास्त धुवा. झटकन धुतले तर ते फार पाणी पीत नाहीत. मशरूममध्ये मुळातच नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, त्यात आणखी थोड्याने काय बिघडतंय? फक्त बुडवून ठेवू नका आणि नंतर फडक्यावर कोरडे करा.

रुंद कढई, मोठी आच, सुरुवातीला तेल नाही. मशरूम एका थरात पसरा आणि हात लावू नका. दोन-तीन मिनिटांत ते पाणी सोडतील आणि सबंध कढई त्या पाण्यात उकळायला लागेल. इथेच बहुतेक जण घाबरतात किंवा घाई करतात. तुम्ही कानाने लक्ष ठेवा. आधी बुडबुड आवाज येतो. पाणी संपत आलं की तो चुरचुर होतो, आणि मग एकदम कोरडा, बारीक तडतड. त्या क्षणी चमचाभर तेल किंवा लोणी घाला. आता कडा तांबूस होतील आणि जो वास सुटेल तो भाजलेल्या मांसाच्या फार जवळचा असतो. जास्त शिजतील अशी भीती नको. मशरूमच्या पेशींच्या भिंती कायटिन नावाच्या टणक पदार्थाच्या असतात आणि ते शिजवून विरघळत नाही, म्हणून मशरूम भाजीसारखा गळत नाही. अर्धवट पाणी सोडलेला मशरूम मात्र वातड लागतो. तुमचे तसेच राहिले.

मटणाचंही तसंच. ओलं मटण गर्दी करून टाकलं की ते स्वतःच्याच रसात उकडतं. पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तिथलं तापमान १०० अंशांच्या वर जात नाही, आणि खरपूस रंगाला साधारण १४० लागतात. तुकडे टिपून कोरडे करा, चार-पाच वेळा थोडे थोडे करून भाजा, तुकड्यांमध्ये बोटभर जागा ठेवा. सगळं भाजून झालं की कढईत दोन डाव स्टॉक ओतून तळाची खरवड लाकडी उलथन्याने सोडवा. तिथे चव दडलेली असते, ती धुऊन टाकू नका.

मग मटण परत आत, स्टॉक अर्ध्या उंचीपर्यंत, झाकण थोडं तिरकं, आणि पुन्हा तीच मंद आच. दोन तास लागतील, कदाचित अडीच. पाण्यात आहे म्हणून मांस कोरडं पडत नाही असं नाही, खळखळ उकळलं तर पाण्यातसुद्धा तंतू आकसून रस बाहेर फेकतात. तुमचे सुतळीसारखे तुकडे त्यातलेच. खांद्यात वेगवेगळे स्नायू असतात, त्यामुळे प्रत्येक तुकडा तपासा. काटा फिरवल्यावर सुटला की झाला. मशरूम शेवटच्या पंधरा मिनिटांत. रस्सा पातळ वाटला तर तुकडे काढून फक्त रस्सा आटवा. ही एकच वेळ अशी की तो उकळू दिला तरी चालेल.

कोरडीपानं

वरचा प्रतिसाद इतका भरीव आहे की मी फक्त एका गोष्टीची भर घालते, सुके शिटाके, म्हणजे जपानी स्वयंपाकातले वाळवलेले मशरूम.

१९०८ मध्ये किकुनाए इकेदा यांनी कोम्बू या समुद्री वनस्पतीतून ग्लुटामेट हे चव देणारं द्रव्य वेगळं काढलं आणि त्या मांसल, तोंड भरणाऱ्या चवीला उमामी हे नाव दिलं. १९१३ मध्ये शिंतारो कोदामा यांना सुकवलेल्या बोनिटो माशात त्याच चवीचं दुसरं द्रव्य, इनोसिनेट, सापडलं, आणि १९५७ मध्ये अकिरा कुनिनाका यांनी तिसऱ्याची, ग्वानिलेटची, चव ओळखली. ते सुक्या शिटाकेत भरपूर असतं. आपल्या कामाची गोष्ट पुढे आहे. ग्लुटामेट आणि बाकीच्या दोघांपैकी एक एकत्र आलं की चव नुसती बेरजेने वाढत नाही, कित्येक पटींनी उठते. मांसात इनोसिनेट असतं, मशरूममध्ये ग्लुटामेट. म्हणून ही जोडी इतकी जमते, आणि म्हणून मीठ कमी असलं तरी तोंड भरल्यासारखं वाटतं.

२५ ग्रॅम सुके शिटाके गार पाण्यात घालून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. गरम पाण्यात अर्ध्या तासात फुगतात, पण मला तो रस तुरट लागतो. पाणी फेकायचं नाही! दुहेरी कापडातून गाळून स्टॉकमध्ये घालायचं, तळाला रेती असते ती मात्र सोडून द्यायची. शिटाके कच्चे-पक्के खाऊ नका, काहींच्या अंगावर चट्टे उठतात. पूर्ण शिजवले की प्रश्न नाही.

आणि मशरूमचा विषय निघालाच आहे तर एक कळकळीने सांगते. रानात उगवलेले मशरूम ओळखीशिवाय भांड्यात घालू नका. डेथ कॅप या जीवघेण्या रानमशरूमचं विष शिजवून जात नाही, आणि त्रास सुरू होईपर्यंत तासन्‌तास उलटलेले असतात.

कुकरवाला

मंदआच दादा, पाच तास गॅससमोर कोण बसणार? मी प्रेशर कुकरमध्ये करतो. आत १२० अंशांच्या आसपास तापमान जातं, त्यामुळे मटणाच्या हाडांचा स्टॉक सव्वा तासात होतो आणि जेलीही बसते. फक्त शिट्टी होऊ द्यायची नाही. दाब आला की आच एकदम बारीक. शिट्टी झाली की दाब पडतो, आत सगळं उसळतं आणि स्टॉक गढूळ होतो. शेवटीही वाफ हाताने सोडायची नाही, कुकर आपोआप उतरू द्यायचा.

मंदआच

कुकरदादा, वेळेचं पटलं. माझी अडचण एवढीच की झाकण लावलं की फेस काढता येत नाही. हाडं आधी गार पाण्यात घालून एक उकळी आणली, ते पाणी ओतून दिलं, हाडं धुतली आणि मग कुकर लावला, तर माझी काही तक्रार नाही.

सायंकाळ

मंडळी, काल चौथ्यांदा केलं. सव्वा किलो सांध्यांची हाडं, अडीच लिटर पाणी, साडेचार तास. सकाळी फ्रिज उघडून भांडं तिरकं केलं आणि जेली खरंच झुकली, ओघळली नाही. मी घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवली.

मशरूमचा आवाजही ऐकला. बुडबुड थांबून तडतड व्हायला अकरा मिनिटं लागली, मध्ये दोनदा हात शिवशिवला होता ढवळायला. ४०० ग्रॅमचे जेमतेम दोन वाट्या उरले, पण त्यातला एक तोंडात टाकला आणि कळलं की इतके दिवस मी मशरूम खाल्लेच नव्हते. शिटाकेचं पाणी घातलं. मीठ शेवटी, नेहमीच्या निम्म्याहून कमी. बाबांनी सगळा रस्सा संपवला आणि वाटी परत पुढे केली. मीठ कमी आहे हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. मला स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसावे लागले.

एक खोट राहिली. रस्स्याला मागून किंचित कडवट चव होती. मशरूममुळे असेल का?

मंदआच

वाचून फार बरं वाटलं, ताई. कडवटपणा मशरूमचा नसावा. मटण चार-पाच वेळा करून भाजताना पहिल्या वेळची खरवड तळाला तशीच राहते आणि शेवटच्या वेळेपर्यंत काळी पडते. ती तपकिरी आहे तोवर चव, काळी झाली की कडू. दर दोन वेळांनंतर अर्धा डाव पाणी घालून कढई सोडवा, ते पाणी वाटीत काढून ठेवा, कढई पुसून नवं तेल घाला. वाटीतलं पाणी शेवटी रस्स्यात. काळं झालंच असेल तर मात्र ते ओतून द्या, त्याचा मोह नको.