थंडगार बसमधून उतरून लगेच स्टेजवर, सूर कसे जुळणार?

प्रश्न: मुलगी नववीत आहे, शाळेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवते. बँडची सहल आहे, पालक म्हणून मीही सोबत जातेय. ऐन थंडीत लांबचा प्रवास आणि पोचल्यावर तासाभरात कार्यक्रम! वाद्यं बसच्या डिकीत ठेवायचं ठरतंय. लाकडी क्लॅरिनेटला चालेल?

उत्तर: डिकीत नकोच, ताई. गारठलेल्या वाद्यात गरम, दमट हवा फुंकली की लाकूड आतून आधी फुगतं, बाहेरून नाही; मग तडा जाऊ शकतो. क्लॅरिनेट मांडीवर घेऊन बसू दे तिला. ट्यूबा जाऊ दे डिकीत, त्याला सीट कोण देणार!

उत्तर: मी शाळेचा बँड बसवतो. आवाजाचा वेग ० अंश सेल्सिअसला सेकंदाला साधारण ३३१ मीटर, २० अंशांना ३४३. त्यामुळे फुंकायची वाद्यं गार असली की सूर उतरतो, तापली की चढतो. उतरल्याउतरल्या ट्यूनर (सूर मोजायचं यंत्र) काढून ४४० हर्ट्झला, म्हणजे जुळवणीच्या ठरलेल्या सुराला, जुळवत बसलात तर दुसऱ्या गाण्यापर्यंत सगळे चढलेले. आधी हळू, लांब सूर वाजवू द्या, मग जुळवा. व्हायोलिनवाल्यांचं उलटं, दिव्यांच्या उष्णतेनं तारा सैलावतात.

प्रश्नकर्ती: मग त्या तासात जेवण कधी?

उत्तर: कार्यक्रमानंतर! भरल्या पोटी ट्रम्पेट वाजवणारी पोरं बघवत नाहीत. आणि हो, जास्तीच्या रीड (क्लॅरिनेटच्या तोंडाशी बसवायच्या पातळ पट्ट्या) तुमच्याच पर्समध्ये ठेवा.