सल्ला हवा: प्रोटीन फोल्डिंगसाठी मशीन, बजेट ७० हजार

कळवा_ते_खारघर: एमएस्सी बायोइन्फर्मॅटिक्स, शेवटचं वर्ष. प्रोजेक्टला चिग्नोलिन घेतलंय, १० अमिनो आम्लांचं पिटुकलं प्रोटीन. सरळ साखळीपासून त्याची घडी कशी पडते ते ग्रोमॅक्समध्ये (रेणूंच्या हालचालींचं सिम्युलेशन करणारं सॉफ्टवेअर) बघायचंय. ताणून ७५ जमतील. रोजचा ट्रान्स-हार्बरचा प्रवास, म्हणून लॅपटॉप बरा वाटतोय.

पाचपाखाडीकर: लॅपटॉप अजिबात नको. सव्वा लाखात डेस्कटॉप बांध, १६ जीबीचं ग्राफिक्स कार्ड टाक. मी लॅमिंग्टन रोडवरून पार्ट आणून स्वतः जोडलाय, आजवर कुरकुर नाही.

कळवा_ते_खारघर: दादा, बजेट ७० आहे.

पाचपाखाडीकर: मग दिवाळीपर्यंत थांब.

वाशी_सेक्टर_१७: पण हे करायचंच कशाला? अल्फाफोल्डने, म्हणजे प्रोटीनची रचना ओळखणाऱ्या गूगलच्या एआयने, प्रश्न कधीच सोडवला, २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेलही मिळालं. गूगलच्या कोलॅबवर, म्हणजे ऑनलाइन मशीनवर, फुकट चालतं. अमिनो आम्लांचा सीक्वेन्स (क्रम) टाका, चहा होईपर्यंत रचना हातात.

निवृत्त_काका_नौपाडा: अल्फाफोल्ड शेवटची रचना सांगतं, घडी कोणत्या वाटेने पडली ते नाही. लेव्हिन्थल यांचा १९६९ चा पेच हाच: शक्य त्या सगळ्या रचना एकेक चाचपल्या तर विश्वाचं वय पुरणार नाही, आणि लहान प्रोटीन काही मायक्रोसेकंदांत (सेकंदाचा दहा लाखावा भाग) घडी घालून मोकळं होतं.

बाळा, मशीनआधी हिशोब कर. सिम्युलेशनचं एक पाऊल २ फेम्टोसेकंदांचं (मायक्रोसेकंदाचा अब्जावा भाग तो फेम्टोसेकंद), म्हणजे एका मायक्रोसेकंदाला ५० कोटी पावलं. चिग्नोलिनची घडी पडायला साधारण तेवढाच काळ. एकदा पडली म्हणून भागत नाही. पडून, उलगडून, पुन्हा पडताना दिसली तर चार लोक मानतील. पाण्याच्या रेणूंसकट करायचं तर एनव्हिडियासारखं ग्राफिक्स कार्ड हवं.

नाहीतर गो मॉडेल घे. पाणी वगळायचं, प्रत्येक अमिनो आम्लाचा एक मणी, आणि अंतिम रचनेत जे मणी जवळ असतात त्यांच्यातच ओढ. जुन्या लॅपटॉपवरही पळतं. फक्त उत्तर आधीच आत भरलेलं असतं, तुझ्या सरांना चालेल का विचार.

घोडबंदरचा_वैताग: आमच्याकडे दर शुक्रवारी लाईट जाते. आधी यूपीएस घ्या, मग प्रोटीन.

निवृत्त_काका_नौपाडा: ग्रोमॅक्स दर १५ मिनिटांनी चेकपॉइंट लिहितं, म्हणजे तोवरचं काम फाइलमध्ये साठवतं. लाईट आली की त्या फाइलपासून पुढे चालू करता येतं.

घोडबंदरचा_वैताग: आणि हार्ड डिस्क उडाली तर? माझी उडालीय.

ऐरोली_नाका: डेस्कटॉपच. माझा गेमिंग लॅपटॉप एवढा तापायचा की मांडीवर उशी घ्यायचो. दुकानवाल्याने प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट बदलायचे पैसे घेतले, आठवड्यात पुन्हा तेच. शिवाय चार्जरच विटेएवढा, तो घेऊन ठाणे स्टेशनला चढून दाखवा.

वाशी_सेक्टर_१७: मी अजूनही म्हणतो, कोलॅब.

निवृत्त_काका_नौपाडा: फुकटचं सेशन मध्येच तुटतं. आठवडाभराच्या रनला उपयोग नाही.

कळवा_ते_खारघर: घेतला. लॅपटॉपच, एनव्हिडियाचं ६ जीबी कार्ड, ७४ हजार. वरचे भावाने दिले, त्याला दिवसा गेम खेळायचेत. रात्री चिग्नोलिन, पाण्यासकट. चार्जर घरीच राहील. काका, सर म्हणाले गो मॉडेलही कर आणि दोन्ही वाटा ताडून बघ, त्यामुळे काम दुप्पट झालंय.

पाचपाखाडीकर: वर्षभरात फॅन बोंबलेल, तेव्हा इथे ये.

ऐरोली_नाका: ७४ ला कुठल्या दुकानात? मला तर तोच ८२ सांगतायत.