मधला माणूस: नात्यांसाठी समुपदेशन घेतलंत का? कोकणातले अनुभव सांगा

ओटीवरची (रत्नागिरी)

गेल्या गणपतीत आमच्याकडे पाचही दिवस आरती सगळ्यांनी मिळून केली, पण मी आणि नवरा एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. "पप्पांना सांग, वाढलंय." "मम्मीला सांग, भूक नाही." निरोप्या आमची नऊ वर्षांची मुलगी. पाचव्या दिवशी ती पडवीत जाऊन बसली आणि म्हणाली, "आता मी कोणाला काही सांगणार नाही."

त्यानंतर आम्ही रत्नागिरीतच एका समुपदेशक बाईंकडे जायला लागलो. सात महिन्यांत अकरा बैठका झाल्या. पहिल्या दिवशी मी बाईंकडे बघून नवऱ्याच्या तक्रारी सांगायला लागले. त्यांनी मला थांबवलं. "हे मला नको, त्यांना सांगा." खुर्च्या समोरासमोर करून घेतल्या. लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि त्याच्याकडे बघून बोलायला मला घाम फुटला!

भांडण वरवर पैशांचं होतं. आतलं तिसऱ्या बैठकीत बाहेर आलं. त्याच्या आईच्या आजारपणात मी डोंबिवलीची शाळेतली नोकरी सोडून इथे आले, आणि तो ते गृहीतच धरून चालला. मला कुणी विचारलंच नाही. त्याला वाटत होतं, मी आनंदानं आले.

आपल्याकडे सरळ बोलायची सवय नाही, असं मला मनापासून वाटतं. सून सासूला नवऱ्याकरवी सांगते, भाऊ भावाला आईकरवी, आणि अगदीच अडलं की देवाला गाऱ्हाणं. माझी श्रद्धा आहे, गाऱ्हाण्याला मी नावं ठेवत नाही. पण नवऱ्याशी बोलायचं ते नवऱ्याशीच बोलावं लागतं. तुमचे अनुभव लिहा. जोडप्याचे, भावंडांचे, मित्रांचे, एकट्याचे, सगळे चालतील. फसलेलेही.

बंदरावरची (हर्णै)

माझे मालक बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख. दहा महिने समुद्र, आणि 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, म्हणजे 61 दिवस घरात. लोकांना वाटतं, बायको खूश असेल. दहा महिने पोरांच्या शाळेपासून बचत गटाच्या हप्त्यापर्यंत सगळं मी बघते, आणि जूनमध्ये ते येऊन विचारतात, हे असं का, ते तसं का. मग दारू, मग अबोला. मी सासूकडे जाऊन रडायचे, सासू त्यांना बोलायची, ते आणखी चिडायचे.

दोन वर्षांमागं जुलैत रात्री साडेअकराला 14416 ला फोन लावला. टेलिमानस म्हणतात ती, मनाच्या त्रासासाठीची सरकारी फोनसेवा आहे, ऑक्टोबर 2022 पासून चालू झाली. पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्री लागतो, मराठीत बोलतात. चाळीस मिनिटं बोलले. त्या ताईंनी एकच विचारलं, "सासूबाईंना सांगून झाल्यावर तुम्हाला हलकं वाटतं, पण घरात काय बदलतं?" काहीच बदलत नव्हतं.

मालक कुठे यायला तयार नव्हते. मी दापोलीला समुपदेशनाला एकटीच जात राहिले. एकटीनं जाऊन काय होणार, असं मलाही वाटलं होतं. पण मी सासूकडे जाणं बंद केलं तेव्हा मालकांना माझ्याशीच बोलावं लागलं! आता मे संपायच्या आत आम्ही एक संध्याकाळ बसतो. बंदीत घरखर्च कोणाच्या हातात, पोरांना कोण ओरडणार, जाळी विणायला कधी बसणार, सगळं आधी ठरतं. दारू सुटलेली नाही. कमी झालीय. त्यासाठी आता तेच डॉक्टरकडे जातात.

कलमवाला (देवगड)

आमची आंब्याची सव्वाशे कलमं, सातबारा सामाईक. वडील गेल्यावर मी गावाला, मोठा भाऊ विरारला. मोहोर आला की फवारणी, खत, रखवाली सगळं माझ्या खिशातून, आणि पेट्या निघाल्या की हिशोब दोघांचा. त्याचं म्हणणं, मी पेट्या कमी दाखवतो. हे तो मला कधीच बोलला नाही, आईला फोनवर सांगायचा. मी पण आईलाच उत्तर द्यायचो. चार वर्षं असं चाललं.

आईची झोप गेली. जेवण तुटलं. मनोविकारतज्ज्ञांना दाखवलं. त्यांनी गोळी दिली, पण म्हणाले, "पुढच्या वेळी दोन्ही मुलगे हवेत." भाऊ रात्रीच्या गाडीनं आला. डॉक्टरांनी कागदावर आमच्या घराची तीन पिढ्यांची वंशावळ काढली आणि कोण कोणाशी बोलत नाही तिथं तुटक रेघ मारायला लावली. आमच्या वडिलांची आणि काकांची रेघ तुटकच होती. त्यांच्यामधे आजी होती. भाऊ ते बघून रडला. मी त्याला लहानपणानंतर रडताना बघितलं नव्हतं.

त्या दिवशी आई म्हणाली, "आता माका मधी घेव नकात." एवढंच.

वाटणी अजून झालेली नाही, ती वकिलाकडे आहे. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, जमिनीचा निकाल मी लावणार नाही. पण पेट्यांचा हिशोब आता मी थेट भावाला व्हॉट्सॲपवर पाठवतो आणि तो मला फोन करतो. कधी कधी ओरडतो. आई झोपते.

पाऊलवाट (चिपळूण)

मी समुपदेशक आहे म्हणून दोन शब्द. तुम्ही सगळे ज्याला मधला माणूस म्हणताय त्याला आमच्या अभ्यासात त्रिकोण म्हणतात. मरे बोवेन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञानं ही कल्पना मांडली. दोघांमधला ताण असह्य झाला की तिसऱ्याला ओढलं जातं, ताण तात्पुरता उतरतो, पण मूळ दोघं आहेत तिथंच राहतात. आणि बहुतेक वेळा आजारी तिसरा पडतो. वंशावळीचा तो कागद आमचं नेहमीचं साधन आहे.

माझ्याकडे जोडपं आलं की पहिल्यांदा दोघांशी एकत्र, मग एकेकाशी वेगळं बोलते. एकट्यात सांगितलेलं मी दुसऱ्यापर्यंत नेत नाही. हे सुरुवातीलाच स्पष्ट करून घेते, कारण मीच मधला माणूस झाले तर सगळंच फसलं.

नाव नको

माझा अनुभव वेगळा आहे. माझ्या माहेरच्यांनी आम्हा दोघांना समुपदेशनाला नेलं होतं. बाईंनी मला आधी आत एकटीला घेतलं. "घरी जाऊन याचा राग निघेल अशी भीती वाटते का?" मी मान हलवली. त्या म्हणाल्या, "मग मी तुम्हाला एकत्र बसवणार नाही." इथे खरं बोललीस तर रात्री त्याची किंमत तूच मोजशील, हे त्यांनी मला समजावून सांगितलं. महिलांच्या मदतीचा 181 नंबर दिला, 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यातल्या संरक्षण अधिकाऱ्याबद्दल सांगितलं.

आधी गेले होते त्या एका ठिकाणी मला "थोडं सोसायला शिका" असं सांगितलं होतं. त्यानंतर वर्ष वाया गेलं. मी आता कुडाळला माहेरी आहे. जिथं मार आहे तिथं आधी जोडप्याची बैठक नको, एवढं वाचणारीनं लक्षात ठेवावं म्हणून लिहिलं.

रापण (तारकर्ली)

आम्ही तिघं शाळेपासूनचे मित्र, पर्यटकांसाठी खोल्या आणि एक बोट भागीत. दोघांचं बिनसलं, आणि दीड वर्ष मी इकडचं तिकडं करत होतो. शेवटी मीच एकटा समुपदेशकाकडे गेलो. मित्रांच्या भांडणासाठी कोण जातं, असं वाटून लाज वाटत होती. त्यांनी मला निरोप न्यायचं थांबवायला सांगितलं. थांबवलं. एक मित्र भागीतून बाहेर पडला. मैत्री राहिली का, हे मला अजून सांगता येत नाही. याचं मला फार वाईट वाटतं, पण माझी छातीतली धडधड थांबली.

कातळसडा (राजापूर)

@ओटीवरची, ताई, नवरा तयार कसा झाला? आणि गावात कळलं तर? आमच्याकडे दवाखान्याच्या दारात गाडी दिसली तरी संध्याकाळपर्यंत वाडीत गजाली सुरू होतात.

ओटीवरची

पहिल्या तीन बैठकांना मी एकटीच गेले हो, वर लिहायला हवं होतं. अकरा मोजल्या त्या दोघांच्या. चौथ्या वेळी त्याला म्हटलं, "तिथं मी तुझ्याबद्दल बोलते, तुला तुझी बाजू सांगायची असेल तर चल." त्याला ते पटलं. वाडीत कळायचं ते कळलंच. सासूबाईंनी विचारलं, कुठे जाता? नवऱ्यानंच त्यांना सांगितलं, मला सांगायला लावलं नाही.

फी आमची एका वेळची 800 रुपये होती. रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग आहे, तिथं जायला नावाची लाज वाटून घेऊ नका. आणि तुमची बस जिथं पोचत नाही तिथं फोन पोचतो, हर्णैच्या ताईंनी लिहिलंय तसं. तुम्ही आधी एकटेच जा. पुढे काय झालं ते इथं लिहा, मी वाट बघते.