शब्दचर्चा: जोडीदाराच्या अंगावर आडवं पडून त्याला वाचवणं, याला मराठीत काय म्हणाल?

जपानी प्रो रेसलिंग, तिकडच्या बोलीत पुरोरेसु, बघणारं इथे कुणी असेल तर ९ जून १९९५ ची मॅच माहीत असणारच. तोक्योचं निप्पॉन बुदोकान सभागृह, ऑल जपान प्रो रेसलिंग ही कंपनी, वर्ल्ड टॅग टीमचे, म्हणजे दोघादोघांच्या जोड्यांच्या विजेतेपदाचे पट्टे पणाला, एका बाजूला मित्सुहारु मिसावा आणि केन्ता कोबाशी, दुसऱ्या बाजूला तोशिआकी कावादा आणि आकिरा ताउए. मला विचाराल तर टॅग टीममध्ये याच्या वरचढ काही झालेलंच नाही. तिच्यावर मराठीत नीट लिहायला बसलो आणि नेमकं शेवटाला शब्द अडला.

आधी प्रसंग सांगतो. कोबाशी दुखऱ्या पायानंच उतरलाय, पायाला पट्ट्या, आणि कावादा-ताउए त्या पायाला सोडतच नाहीत. मिसावाचं डोळ्याच्या खोबणीचं हाड त्याच वर्षी एप्रिलमध्ये कावादाच्याच लाथेनं मोडलेलं. आणि मुख्य म्हणजे कावादानं तोवर मिसावाला एकदाही पाडलेलं नाही. दोघं आशिकागाच्या एकाच शाळेचे, मिसावा एक वर्ष पुढे म्हणजे त्याचा सेम्पाई, १९९० मध्ये मिसावानं भर मॅचमध्ये तोवर घालत असलेला टायगर मास्क या पात्राचा मुखवटा उतरवला तेव्हा मागची दोरी सोडून देणारा कावादाच होता, त्यामुळे ही काही नुसती विजेतेपदाची भानगड नाही, इतक्या वर्षांचं साचलेलं सगळं त्या रिंगमध्ये आहे.

शेवटाकडे मिसावा पार संपलेला, कोबाशीला पायावर उभं राहता येत नाही, सोडवायला धावणं तर लांबच. मग तो सरपटत येतो आणि मिसावाच्या अंगावर आडवा पडतो. एवढंच. ते दोघं त्याला तुडवतात, लाथा घालतात, हा हलत नाही. आता बघा, या खेळात दुसऱ्याच्या अंगावर आडवं पडणं म्हणजे पिन, म्हणजे जिंकणं. कोबाशी तेच करतोय, पण आपल्या माणसाच्या अंगावर, त्याला वाचवायला. प्रत्येक वेळी बघताना माझ्या घशात आवंढा येतो.

तर या कृतीला शब्द हवाय. 'पाठीशी घालणे' सुचला पण त्यात गुन्हेगाराला लपवल्याचा वास येतो, मंत्र्यांनी अधिकाऱ्याला पाठीशी घातलं असा. 'पाठराखण' आता वादातच उरली, कुणीतरी काहीतरी बोलतं आणि पक्ष त्याची पाठराखण करतो. 'आडवा आला' म्हटलं तर अडथळा आणल्यासारखं वाटतं. जाणकारांनी सांगा.

प्रतिसाद:
ढाल झाला, असं सरळ लिहा की. सगळ्यांना कळतं.

धागाकर्ता:
कळतं हो, पण ढाल उभी असते, समोर धरायची. कोबाशी उभा राहू शकत नाहीये हीच तर त्या क्षणाची गंमत आहे, तो वरून पांघरला गेलाय.

प्रतिसाद:
मग 'पाखर घालणे' घ्या! आईनं लेकरांवर पाखर घातली असं आपण म्हणतोच. पाखरू पिल्लांवर पंख पसरतं त्यावरून आलाय ना तो, मग वरून झाकणं आलंच त्यात.

प्रतिसाद:
ताई, शब्द एकदम चपखल आहे पण व्युत्पत्ती पाखराची नाही. पाखर म्हणजे लढाईत घोड्याच्या किंवा हत्तीच्या अंगावर घालायचं चिलखत. शब्दकोशात हाच अर्थ आहे, संरक्षण हा अर्थ त्यावरूनच आला. पंखांची कल्पना पाखरू या शब्दाच्या सारखेपणामुळे चिकटली असणार, आणि आता इतकी रुळलीय की कुणाला चूक म्हणवत नाही. पण तुमच्या कोबाशीला तर चिलखतवाला अर्थच जास्त शोभतो, कारण वार त्याच्यावर पडतायत.

धागाकर्ता:
दादा, हे माहीतच नव्हतं, मजा आली! आणि योगायोग बघा, ताउए गळा धरून उचलून आपटतो त्या डावाचं नाव 'नोदोवा ओतोशी'. नोदोवा हा सुमोतला प्रकार, समोरच्याच्या गळ्यावर पंजा लावून मागे रेटायचं, ताउए मुळात सुमोतून आलेला. पण नोदोवा म्हणजे सामुराईच्या चिलखताचा गळ्यापाशी बांधायचा भागसुद्धा. म्हणजे एकाच मॅचच्या वर्णनात चिलखताचे दोन शब्द येतील. 'पाखर' पक्का.

प्रतिसाद:
एक शंका. आमच्या कोल्हापूरकडे 'जोड' म्हणजे समोरचा मल्ल, अमक्याला तोडीची जोड मिळाली असं म्हणतात. टॅग टीमला 'जोड' लिहू नका, तालमीतला माणूस वाचेल तर त्याला वाटेल मिसावा आणि कोबाशी एकमेकांशी लढतायत. 'जोडी' चालेल. 'दुक्कल' मात्र नको, ती पोलीस पकडतात. आणि मुळात ही नुरा कुस्तीच ना?

धागाकर्ता:
जोडीच लिहितो. नुराबद्दल मात्र माझं ठाम मत आहे. निकाल आधी ठरलेला असतो हे खरं, पण नुरा म्हणजे पब्लिकला खरी कुस्ती सांगून फसवणं, दोघांनी आतून मिळून पैसे लाटणं. बुदोकानमधल्या पब्लिकला काय बघतोय ते ठाऊक आहे आणि अंगावर पडणारा मार खराच आहे, या लोकांच्या माना त्यापायी कायमच्या गेल्या. मिसावा तर १३ जून २००९ ला हिरोशिमात रिंगमध्येच बॅकड्रॉप, म्हणजे मागून उचलून मागे आपटायचा डाव, बसून कोसळला आणि गेला. त्याच्यासाठी तो शब्द माझ्यानं लिहवणार नाही.

प्रतिसाद:
पटलं. आमच्या आजोबांच्या पिढीत दारासिंग-किंगकाँगच्या कुस्त्यांना फ्रीस्टाईल म्हणायचे, पण तोही आता वाया गेला, पेपरात 'दोन गटांत फ्रीस्टाईल हाणामारी' एवढाच उरलाय. पुरोरेसु असंच ठेवा. पिनला चितपट लिहिणार का?

धागाकर्ता:
तिथे अडचण आहे. आपल्याकडे पाठ मातीला टेकली की निकाल, तिथल्या तिथे. इथे रेफरीनं मॅटवर तीनदा हात आपटेपर्यंत खांदे टेकलेले राहायला हवेत, आणि त्या मॅचची सगळी धाकधूक दुसऱ्या आणि तिसऱ्या थापेच्या मधेच आहे. मिसावा दोन थापांवर खांदा उचलतो, परत उचलतो, पब्लिक वेडं होतं. म्हणून 'तीन थापांत हरला' असं लिहितोय. शेवटी ४२ मिनिटं उलटून गेल्यावर कावादाचा पॉवरबॉम्ब, म्हणजे वर उचलून पाठीवर आपटणं, मग तीन थापा, पट्टे कावादा-ताउएकडे, आणि मिसावाला पाडण्याची कावादाची ही पहिलीच वेळ.

प्रतिसाद:
या चौघांना इंग्रजीत चार खांब म्हणतात ते बरोबर आहे का?

धागाकर्ता:
जपानीत शितेन्नो, चार स्वर्गीय राजे. बौद्ध परंपरेतले चार दिशांचे रक्षणकर्ते, संस्कृतात चतुर्महाराज, धृतराष्ट्र, विरूढक, विरूपाक्ष आणि वैश्रवण म्हणजे आपला कुबेर. आपल्याकडचाच शब्द तिकडे जाऊन आलाय, तर खांब कशाला? मी 'चार दिक्पाल' लिहिणार आहे.

प्रतिसाद:
दिक्पाल झकास. फक्त एक, 'मिसावाला पाखर घातली' असं लिहू नका, 'मिसावावर पाखर घातली' लिहा. आणि लेख झाला की लिंक इथेच टाका, मी ती मॅच अजून बघितलेली नाही, आज रात्री बसतोय.