उबुंटूवर धुळीचा यूएसबी सेन्सर लावला की लगेच गायब होतो, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी परळला राहतो, आमच्या चाळीच्या मागे जुनी बिल्डिंग पाडायचं काम दिवाळीपासून चालू आहे आणि आईला दमा आहे, त्यामुळे खिडक्या कधी लावायच्या न् कधी उघड्या ठेवल्या तर चालतील हे नीट कळावं म्हणून लॅमिंग्टन रोडवरून एसडीएस०११ सेन्सर आणला. सोबत यूएसबीची छोटी पट्टी आली, तिच्यावर सेन्सरचे आकडे यूएसबीवर आणणारी सीएच३४० चिप आहे. घरच्या जुन्या लॅपटॉपवर उबुंटू २२.०४ आहे.

सेन्सर लावला की आतला पंखा फिरतो, एलएसयूएसबीमध्ये (जोडलेल्या यूएसबी वस्तूंची यादी) चिपचा नंबर १ए८६:७५२३ दिसतो, डीमेसेजमध्ये (सिस्टिमच्या नोंदी) टीटीवाययूएसबी० या नावाने जोडला असं येतं आणि पुढच्याच क्षणी डिसकनेक्टेड! केबल बदलली, पोर्ट बदलला, पोर्ट वापरायची परवानगी मिळावी म्हणून डायलआउट ग्रुपमध्ये माझं नाव टाकून परत लॉगिन केलं, काही फरक नाही. मित्राच्या विंडोजवर मात्र मस्त चालतो. तीन रात्री यातच गेल्या, आईला रात्री धाप लागते तेव्हा फार वाईट वाटतं, प्लीज कोणीतरी सांगा.

प्रतिसाद:
डीमेसेजमध्ये बीआरएलटीटीवाय हे नाव दिसतंय का बघा, दिसणारच. अंध लोकांच्या ब्रेल डिस्प्लेसाठीचा तो प्रोग्राम आहे, एका ब्रेल यंत्राचा नंबरसुद्धा १ए८६:७५२३च आहे म्हणून तो तुमचा सेन्सर आपलाच समजून ताब्यात घेतो. घरात कोणी ब्रेल डिस्प्ले वापरत नसेल तर सुडो आप्ट रिमूव्ह करून काढून टाका. वापरत असेल तर अजिबात काढू नका, त्या प्रोग्रामच्या यूडेव्ह नियमांत (कुठलं यंत्र लावलं की काय करायचं ते ठरवणारी फाइल) या नंबरची ओळ आहे तेवढी बंद करा. मग सेन्सर काढून परत लावा.

वाचताना स्पीड ९६०० ठेवा. दर सेकंदाला १० बाइट येतात, पहिला एए, शेवटचा एबी (हेक्समध्ये). तिसरा बाइट अधिक चौथा गुणिले २५६, त्याला १० ने भागलं की पीएम २.५, म्हणजे २.५ मायक्रॉनपर्यंतची बारीक धूळ, एका घनमीटर हवेत किती मायक्रोग्रॅम ते. पाचवा-सहावा तसाच पीएम १० (१० मायक्रॉनपर्यंतची धूळ). नववा चेकसम (आकडे नीट आले का ते तपासायला), म्हणजे तिसऱ्यापासून आठव्यापर्यंतची बेरीज २५६ ने भागून उरलेली बाकी, ती जुळली नाही तर तो आकडा सोडून द्या. आणि पावसाळ्यात यावर विसंबू नका हो, ७० टक्क्यांच्या वर दमटपणा गेला की बाष्पाचे थेंबही तो धूळ म्हणून मोजतो.

धागाकर्ता:
चाललं!! बीआरएलटीटीवायच होतं, खूप खूप आभार. आज सकाळी डंपर लागले तेव्हा पीएम २.५ चाळिशीवरून थेट १८० वर गेला, आपल्याकडची २४ तासांची मर्यादा ६० आहे, म्हणून लगेच मागच्या खिडक्या लावल्या. आता एकच अडचण, सेन्सरमधल्या लेझरचं आयुष्य साधारण ८००० तास म्हणतात म्हणजे सतत चालू ठेवला तर वर्षभरसुद्धा पुरणार नाही, म्हणून पाच मिनिटं झोपवून मग अर्धा मिनिट जागा करायचाय. पायथनमधून झोपवायची कमांड कोणी पाठवली असेल तर कोड टाकाल का?